थकलेले वैमानिक

विमान कोसळले की हवेला किंवा यंत्राला दोष देऊन लोक मोकळे होतात. अमेरिकेत बफेलो शहराजवळ १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री झालेल्या अपघाताची हकिगत, वाचकहो, निराळी आहे. नेवार्कहून निघालेले कोलगन एअर कंपनीचे लहान प्रवासी विमान विमानतळाकडे उतरत असता एका घरावर कोसळले. विमानातील ४९ व घरातील १, असे ५० जीव गेले.

पंखांवर बर्फ साचले होते. तथापि त्याचा परिणाम अल्प होता, असे चौकशीत ठरले. विमानाचा वेग घटत चालल्याचे दोघाही वैमानिकांच्या ध्यानी आले नाही. उतरतेवेळी कामापुरतेच बोलावे हा नियमही त्यांनी पाळला नव्हता. धोक्याची सूचना म्हणून हातातील दांडा थरथरू लागला. अशा वेळी तो पुढे लोटून वेग वाढवावयाचा असतो. कप्तानाने तो मागे ओढला आणि पंखांना हवेचा आधार उरला नाही.

सहवैमानिक रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. थकव्यामुळे दोघांचेही काम बिघडले असावे, असे चौकशी मंडळाने नमूद केले.

मृतांच्या नातलगांनी नेट धरला म्हणून २०१० साली कायदा झाला. सहवैमानिकासही सामान्यतः १५०० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. २०१४ पासून कामापूर्वी १० तासांची विश्रांती बंधनकारक झाली.

ज्याच्या हाती इतरांचे प्राण सोपवावयाचे, त्याची झोप झाली आहे की नाही हे पाहणे कामावर ठेवणाऱ्याचेही कर्तव्य होय, असे आम्ही मानतो.