अक्षता पडतात तेव्हा

मिरजेहून फोन आला तो भाऊबिजेच्या दुपारी. "काका, २००९ला माझं लग्न तुम्ही शूट केलं होतं, कऱ्हाडला. डीव्हीडी आता चालतच नाही. तुमच्याकडं मूळ कॅसेट असेल का हो?"

होती. माझ्याकडं सगळ्याच आहेत. १९९६ ते २०१६ अशी वीस वर्षं मी लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांती शूट केली आणि एकही मास्टर पुसून परत वापरली नाही. धंद्यातले बरेच जण आधीच्या लग्नावरच पुढचं लग्न घ्यायचे, कारण कॅसेटचे पैसे वाचायचे. मला ते कधी जमलं नाही. स्टुडिओ बंद केल्यावर चार वर्षं बसून एकेक कॅसेट फायरवायरनं कॉम्प्युटरवर उतरवली. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई करता येत नाही. आता ते सगळं घरातल्या सर्व्हरवर आहे. सर्व्हर म्हणजे ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेल्या डिस्का. ज्याचं कार्य त्याला त्याचं खातं उघडून देतो, आणि तो आपल्या टीव्हीवर, फोनवर बघतो.

"बाबा मागच्या वर्षी गेले," ती म्हणाली. "पाठवणीच्या वेळी ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, एवढं आठवतं. तेवढंच बघायचंय."

संध्याकाळी तिनं फोनवर लावलं. चित्र चार सेकंद चाललं आणि थांबलं. मग नुसतं फिरणारं चाक. त्याच वेळी भावाच्या घरी पुतण्याचं लग्न टीव्हीवर लागलेलं होतं, तेही अडखळायला लागलं. सर्व्हरचा पंखा शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. प्रोसेसरचे चारही कोअर शंभर टक्क्यांवर. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. कॅसेट जपली, उतरवली, आणि बघणाऱ्यापर्यंत पोचेना.

अडचण अशी असते. २००९चं लग्न एचडीव्ही कॅसेटवर आहे. त्यात चित्र एमपेग-२ पद्धतीनं दाबलेलं असतं आणि सेकंदाला २५ मेगाबिट खातं, तासाला अकरा जीबीच्या वर. फोनला ही जुनी पद्धत नीट वाचता येत नाही आणि मोबाइलच्या नेटला एवढं ओझं झेपत नाही. पुतण्याचं लग्न याच्या उलटं, अगदी नवं: फोर-के आणि एचईव्हीसी. ही पद्धत २०१३ साली आली, आणि तिच्या आधीच्या एच-२६४ पद्धतीला जेवढी जागा लागते त्याच्या साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र बसवते. पण भावाचा टीव्ही जुना, त्याला ती कळत नाही. दोन्हीकडं सर्व्हरला फाइल उलगडावी लागते, चित्र लहान करावं लागतं, आणि समोरच्या पडद्याला कळेल अशा पद्धतीनं पुन्हा दाबून थोडं थोडं पाठवावं लागतं. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात.

स्टुडिओत हेच काम आम्ही रेंडरिंग म्हणून रात्री लावायचो. पहाटे भारनियमनात लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. यूपीएस काही अर्ध्या तासापलीकडं पोचायचा नाही. तरी तिथं वेळ माझ्या हातात होता. आज नाही तर उद्या सकाळी डीव्हीडी देता यायची. इथं मात्र बघणाऱ्यानं बटण दाबलेलं असतं. सेकंदाचं काम सेकंदाच्या आतच उरकलं पाहिजे. फोर-केच्या एका चित्रात जवळपास ८३ लाख ठिपके असतात, आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. म्हणजे दर सेकंदाला वीस कोटींहून जास्त ठिपके.

हे दाबणं कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि मला स्वतःला त्यातच सर्वांत जास्त गोडी आहे. दोन गोष्टी चालतात. एक, चित्राचे छोटे चौकोन करून प्रत्येकातला ढोबळ भाग ठेवायचा आणि डोळ्याला जाणवणार नाही असा बारीक तपशील सोडून द्यायचा. यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. अमेरिकेत कॅन्सासमध्ये शिकवत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडं पैसे मागितले होते, ते मिळाले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी ते काम जानेवारी १९७४मध्ये छापलं. माझ्या कपाटातल्या प्रत्येक मिनिडीव्ही कॅसेटमध्ये तेच गणित आहे. कऱ्हाडातल्या कितीतरी घरांचे आनंदाचे दिवस त्या माणसाच्या हिशेबावर जपले गेलेत, आणि त्या घरांना त्यांचं नावही माहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, आधीच्या चित्रात जे होतं ते पुन्हा लिहायचं नाही, काय हललं तेवढंच लिहायचं. मंगलाष्टका चालू असताना हे फार सोपं जातं. अंतरपाट स्थिर, भटजी स्थिर, मागचा मांडव स्थिर. मामाचा हात थोडा हलतो, तेवढंच. मग शेवटचं "सावधान" होतं आणि अक्षता पडतात. शेकडो दाणे, प्रत्येक वेगळ्या दिशेनं, कुठलाच आधीच्या चित्रात नव्हता. यंत्राकडं जागा कमी असेल तर नेमक्या त्याच क्षणी चित्राचे ठोकळे होतात, नवरीचा चेहरा चौकटी-चौकटींचा दिसतो. सगळ्या लग्नात लोकांना जे बघायचं असतं तेच फुटतं. म्हणून माझी कसोटी ठरलेली आहे. कुठलीही सेटिंग बदलली की मी आधी अक्षता लावून बघतो.

आता मूळ मुद्दा. प्रोसेसरच्या आत या कामासाठी वेगळा भाग असतो. इंटेलनं २०११च्या जानेवारीत सँडी ब्रिज पिढीपासून तो द्यायला सुरुवात केली, नाव क्विक सिंक. एनव्हिडियाच्या कार्डांत तोच प्रकार एनव्हेंक या नावानं असतो. प्रोसेसरचे कोअर म्हणजे आचारी: काहीही सांगा, करतील, पण एकेक कृती वाचून, हातानं. हा वेगळा भाग म्हणजे सोऱ्या. त्यातून दुसरं काही होत नाही, पण शेव पाडायची तर आचाऱ्याचा हात त्याच्या वेगाला पोचणार नाही, आणि श्रम तर फारच कमी. सोऱ्याला एक मर्यादा मात्र असते. डब्यात ज्या चकत्या आल्या, तेवढेच प्रकार. इंटेलच्या सहाव्या पिढीत एचईव्हीसीची चकती आली, सातव्या पिढीत त्यातली दहा-बिटची, आणि एव्ही-१ ही आणखी नवी पद्धत उलगडण्याची थेट अकराव्या पिढीत. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा आय-५. पुतण्याचं लग्न दहा-बिटचं, म्हणजे नेमकं बसत होतं. माझ्याच कॉम्प्युटरात सोऱ्या होता आणि मी दोन वर्षं आचाऱ्याकडून शेव पाडून घेत होतो.

घ्यायला जाणाऱ्यानं एक बघावं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरापुढं एफ अक्षर असेल, तर त्यात ग्राफिक्सचा भागच वापरात नसतो, म्हणजे क्विक सिंकही नाही. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून फसू नये. कॉम्प्युटरात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर आतलं ग्राफिक्स बायॉसमध्ये कधी कधी बंद झालेलं असतं, ते चालू करावं लागतं.

सर्व्हरवरचं चित्र बघणाऱ्यांपर्यंत पोचवायला मी जेलीफिन वापरतो. एम्बी नावाच्या प्रोग्रामचा कोड बंद झाल्यावर २०१८च्या डिसेंबरात काही लोकांनी तो वेगळा काढून पुढं मोकळा ठेवला, तो हा. सगळं फुकट. प्लेक्सही चांगला आहे, पण त्यात हार्डवेअरचं ट्रान्सकोडिंग हवं तर पैसे भरावे लागतात. जेलीफिनच्या डॅशबोर्डात प्लेबॅकखाली ट्रान्सकोडिंगचं पान आहे. तिथं क्विक सिंक निवडलं, खालच्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या, सेव्ह केलं. आणि काहीच चालेना. आधी निदान अडखळत होतं, आता सरळ एरर.

दोन दिवस गेले. कारणं दोन निघाली. लिनक्समध्ये ग्राफिक्सचा भाग डेव्ह फोल्डरातल्या डीआरआयमध्ये एका फाइलच्या रूपात दिसतो, तिचं नाव बहुधा रेंडर-डी-१२८. ती उघडायची परवानगी रेंडर नावाच्या गटालाच असते, आणि जेलीफिन ज्या नावानं चालतो तो त्या गटात नव्हता. सोऱ्या कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडं. त्याला गटात घातलं, जेलीफिन बंद करून पुन्हा चालू केला. कुणी डॉकरमध्ये बसवत असेल, तर ते डीआरआयचं फोल्डर कंटेनरच्या आत द्यावं लागतं आणि गटाचा नंबरही सांगावा लागतो.

दुसरं कारण माझ्या हौसेचं. मी एव्ही-१च्या चौकटीवरही खूण केली होती. नसलेली चकती मागितली की जेलीफिन आचाऱ्याकडं परत जात नाही, थांबतो. व्हीएइन्फो ही कमांड दिली की आपल्या चिपला काय काय येतं त्याची यादी मिळते. यादीत जे आहे त्यावरच खूण करावी. मग व्हिडिओ लावून इंटेल-जीपीयू-टॉप चालवायचं आणि व्हिडिओ नावाची पट्टी हलते का बघायचं. ती हलली तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली. पंखा शांत होता. प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर.

एचडीव्हीच्या लग्नांसाठी आणखी एक करावं लागलं. त्या काळचं चित्र एकाआड एक ओळींनी घेतलेलं असायचं, आधी विषम ओळी, मग सम. आजच्या पडद्यावर हळदीच्या नाचात हात हलला की बांगड्यांना कंगव्याचे दात येतात. त्या ओळी जुळवायचं काम, डीइंटरलेसिंग, तेही याच भागाकडून होतं.

मग अक्षता लावल्या. फुटल्या. हा सोऱ्या वेगवान आहे, पण तेवढ्याच जागेत आचारी निवांत बसून जे करतो तितकं नाजूक त्याच्याकडून होत नाही. म्हणून कायमची ठेवायची प्रत मी त्याच्याकडून कधी बनवत नाही. ती रात्रभर लागली तरी सॉफ्टवेअरनंच करावी, आणि मूळ फाइल तर मुळीच पुसू नये. रोज बघण्यासाठी मात्र उपाय सोपा आहे: थोडी जागा वाढवून द्यायची. बाहेरून बघणाऱ्यांना मी दीड मेगाबिटची मर्यादा घातली होती, ती चार केली. दाणे सुटे दिसले.

मिरजेला निरोप दिला. रात्री साडेनऊला डॅशबोर्डवर तिचं नाव आलं. भावाकडं पुतण्याचं लग्न चालूच होतं, शिवाय पुण्याहून कुणी आपली मुंज बघत होतं. तिघांचं एकदम, आणि पंख्याचा आवाज नाही. मागे-पुढे केलं की सर्व्हरला काम त्या जागेपासून नव्यानं सुरू करावं लागतं. भाऊबिजेला त्यातच दहा-पंधरा सेकंद जायचे. आता एका सेकंदात चित्र येतं.

पाठवणी एक तास बावन्न मिनिटांवर आहे. खांबाला टेकलेला माणूस अकरा सेकंद दिसतो. मला आठवतंय, लाइटवाला पोरगा पुढं गेला होता आणि मी त्याला हाक मारून थांबवलं होतं. तिचा आकडा दोन तासांकडं गेला नाही. एक बावन्नवरून परत एक एकावन्न, परत एक बावन्न.

दहाच्या सुमाराला फोन आला. "काका, परवा थांबत थांबत दिसलं तेव्हा वाटलं, बाबांच्या हातात पिशवी आहे. पिशवी नाहीये. माझ्या कॉलेजच्या चपला आहेत त्या."

डॅशबोर्डवर आकडा पुन्हा मागे गेला.