पाहुणा वाढला, घर आकसले!

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन आणि शेजारच्या मॅग्नेशियमच्या अणूत १२. मग आकाराने मोठा कोणता? हा प्रश्न मी वर्गात हटकून विचारतो आणि ‘मॅग्नेशियम!’ हे उत्तरही हटकून येते. खरा मोठा आहे सोडियम!

असे का व्हावे? अणुगर्भाभोवती इलेक्ट्रॉनांच्या जणू पंगती बसतात. मॅग्नेशियमचा नवा पाहुणा सोडियमप्रमाणेच तिसऱ्या पंगतीत बसतो. पण गर्भात एक प्रोटॉनही वाढलेला असतो. एकाच पंगतीतले पाहुणे एकमेकांना गर्भाच्या ओढीपासून फारसे झाकू शकत नाहीत. ओढ वाढते, पंगत आत सरकते. पोटॅशियमपाशी चौथी पंगत मांडली जाते, तेव्हा कुठे अणू पुन्हा फुगतो.

या हिशेबाने झिर्कोनियमच्या खालच्या घरातले हाफ्नियम चांगले थोराड असावयास हवे. परंतु त्याच्याआधी १४ मूलद्रव्यांची रांग लागते. त्यांचे नवे इलेक्ट्रॉन आतल्या चौथ्या पंगतीत शिरतात आणि झाकण्याच्या कामी अगदीच कुचकामी ठरतात. अणू आकसत जातो. हाफ्नियम झिर्कोनियमएवढेच भरते. म्हणून तर ते झिर्कोनियमच्या खनिजात दडून राहिले. १९२३ साली कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांनी ते क्ष-किरणांच्या साहाय्याने हुडकले.

आपल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधनावर झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे वेष्टण असते. झिर्कोनियम न्यूट्रॉनना वाट देते, हाफ्नियम त्यांना गिळते. तेव्हा या जुळ्यांची ताटातूट करावीच लागते. काम मोठे जिकिरीचे. पण त्यावाचून ती भट्टी पेटायची नाही आणि तिच्यावरचे दिवेही लागायचे नाहीत!