लिटर म्हणजे किलो नव्हे

एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब पाण्यापुरता ठीक आहे. तेलाला तो लावला की फसगत सुरू होते. खाद्यतेलाची घनता लिटरला साधारण 0.91 किलो, म्हणजे लिटरभर तेल 910 ग्रॅमच भरते. दुधाचे उलट आहे. ते लिटरमागे सुमारे 1.03 किलो भरते.

दिवाळीच्या फराळासाठी तेलाचा डबा घेताना हा फरक थेट खिशाला लागतो. बाजारात 15 किलोचा डबा मिळतो आणि 15 लिटरचाही, दिसायला जवळपास सारखेच. आकारमान म्हणजे वस्तुमान भागिले घनता. 15 किलोला 0.91 किलो प्रति लिटरने भागले की 16.48 लिटर येतात. म्हणजे किलोच्या डब्यात जवळपास दीड लिटर तेल जास्त असते. भाव सारखाच सांगितला, तर कोणता डबा उचलायचा हे उघड आहे.

भागायचे की गुणायचे, हे सूत्र घोकूनच लक्षात ठेवावे लागते असे विद्यार्थ्यांना वाटते. तशी गरज नाही. किलोला 'किलो प्रति लिटर'ने भागले की किलो किलोशी कटतो आणि लिटर उरतो. गुणले तर 13.65 हा आकडा मिळतो, पण त्याचे एकक होते 'किलोचा वर्ग प्रति लिटर', आणि ते काही आकारमानाचे एकक नव्हे.

घनता कायमची ठरलेली असते, हाही गैरसमजच. तेल तापले की फुगते आणि लिटरमागचे वजन घटते. काही कंपन्या पिशवीवर लिटरसोबत 60 अंशांसारखे चढे तापमान छापत असत. सोयाबीन तेलाचा लिटर 21 अंशांना 919 ग्रॅम भरतो, तर 60 अंशांना 892.6 ग्रॅमच. म्हणून 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून टाकायला सांगितले.

घनमीटरचे रूपांतरही असेच चकवते. मीटरमध्ये 100 सेंटिमीटर असतात, पण घनमीटरमध्ये 10 लाख घनसेंटिमीटर. त्यामुळे पाऱ्याची 13.6 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर ही घनता 13,600 किलो प्रति घनमीटर होते, 1,360 नव्हे.

सर्वांत महागडा गैरसमज म्हणजे घनतेचा आकडा एककाशिवाय चालतो, हा. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानाला माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जायचे होते. इंधनाचे मापक बंद असल्याने टाक्यांतले इंधन मोजपट्टीने मोजले गेले, तेव्हा 7,682 लिटर इंधन आढळले. गरज होती 22,300 किलोंची. लिटरचे किलो करायला वापरला गेला तो 1.77 हा आकडा. आकडा खरा होता, पण तो पौंड प्रति लिटरचा. किलोत तो 0.8 च्या आसपास येतो. परिणामी सुमारे 20,000 लिटर भरायचे, तिथे 4,917 लिटरच भरले गेले. गणिताच्या ओळीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिले असते, तर पौंड आणि किलो कटत नाहीत हे धावपट्टीवरच दिसले असते. विमान सुमारे 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्यांनी इंजिनाविना विमान मॅनिटोबातील गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या तळावर उतरवले आणि विमानातले सर्व 69 जण वाचले.