की-बोर्ड कोणाच्या हातात? शाळेच्या रोबोटिक्स टीमला प्रोग्रॅमिंग शिकवताना

विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, की रोबोट कसा बनवायचा ते आज कळेल. ते शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आपला प्रश्न वेगळा आहे. टीममध्ये आठ-दहा मुलं असतात. त्यातली खरोखर प्रोग्रॅमिंग शिकतात किती?

अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ साली सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. आर्डुइनो बोर्ड, सेन्सर, मोटर हे सामान त्यामुळे अनेक शाळांत पोचलं. पण सामान आलं म्हणजे शिक्षण झालं असं नाही. बऱ्याचदा होतं काय, की स्पर्धा जवळ आली की तयार कोड उतरवून घेतला जातो, एक हुशार मुलगा तो बोर्डात टाकतो आणि बाकीचे वायरी जोडतात, चार्ट रंगवतात. रोबोट धावतो, फोटो निघतो. पण कोडमधला ‘३९०’ हा आकडा कुठून आला, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

म्हणून आम्ही सुरुवात या आकड्यापासूनच करतो. उदाहरण घेऊ लाइन फॉलोअरचं, म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या पट्टीच्या मागे जाणाऱ्या रोबोटचं. त्याच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतो. तो प्रकाश सोडतो आणि परत किती आला ते मोजतो. पांढरा रंग प्रकाश परत पाठवतो, काळा शोषून घेतो. आर्डुइनो उनोवर हे मोजमाप ० ते १०२३ अशा आकड्यात येतं. मुलांना सांगायचं, केबल लावा, सीरियल मॉनिटर उघडा, सेन्सर आधी पांढऱ्यावर धरा, मग काळ्यावर, आणि आकडे वहीत लिहा. समजा पांढऱ्यावर ८० आले आणि काळ्यावर ७००. मग दोघांच्या मधला आकडा किती? ३९०. याच्या खाली पांढरं, वर काळं. आता तो आकडा मुलांनी स्वतः काढलेला असतो.

पुढची पायरी कागदावर करायची. पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर आहे, तर परिस्थिती किती? चार. दोन्हीकडे पांढरं दिसलं तर सरळ. डाव्याला काळं दिसलं म्हणजे रोबोट उजवीकडे सरकलाय, तेव्हा डावीकडे वळ. उजव्याला दिसलं तर उजवीकडे. आणि चौथी? दोन्हीकडे काळं! ही चौथी ओळ मुलं हमखास विसरतात. चौक आला की रोबोट काय करेल, यावर मग चांगलं भांडण होतं. होऊ द्यावं. ‘जर-तर’ची अट म्हणजे काय, हे फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा त्या भांडणात जास्त कळतं. तक्ता पूर्ण झाल्याशिवाय कॉम्प्युटर उघडायचा नाही, एवढा नियम पाळावा.

आता खरी मजा. सकाळी नीट चालणारा रोबोट दुपारी खिडकीजवळ भरकटतो. ‘सर, कोड बिघडला!’ कोड तोच आहे. पण उन्हातही इन्फ्रारेड असतं. ते सेन्सरमध्ये शिरलं की आकडे खाली येतात. काळ्यावर ७०० ऐवजी ३०० दिसले, तर ३९० च्या हिशेबाने ते पांढरंच ठरणार. हे उत्तर आपण सांगून टाकायचं नाही. ‘आकडे परत मोजा’ एवढंच म्हणायचं.

दुसरा नेहमीचा घोटाळा ‘डिले’चा. अर्धा सेकंद मोटर फिरव म्हणजे काटकोनात वळेल, असं मुलं ठरवतात. बॅटरी उतरली की मोटर मंदावते आणि तेवढ्याच वेळात वळण अर्धवट राहतं. शिवाय त्या अर्ध्या सेकंदात प्रोग्रॅम सेन्सरकडे बघतच नाही. तेव्हा घड्याळावर विसंबायचं की पट्टी दिसेपर्यंत वळायचं? इथे मुलांना फीडबॅकची कल्पना भेटते. इंजिनिअरिंगला गेल्यावर जे समीकरणात येतं, ते इथे जमिनीवर दिसतं.

यात एक जुना विचार आहे. सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिच्या सूचनांवर चालणारं यंत्र-कासव आलं. कासव चुकीकडे वळलं, तर मूल नापास होत नाही; कुठली सूचना चुकली ते शोधतं. रोबोटिक्स टीममध्ये हेच हवं.

पण हे सगळं एकाच मुलाच्या वाट्याला आलं तर काय उपयोग? म्हणून आम्ही जोड्या लावतो. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने सांगायचं, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. मुलींकडे सादरीकरण आणि मुलांकडे कोड, ही वाटणी आपोआप होते. ती मुद्दाम मोडावी लागते. एका वेळी एकच बदल करायचा आणि चालवण्याआधी वहीत लिहायचं, ‘आम्हाला काय वाटतं’. नंतर लिहायचं, ‘काय झालं’. शिक्षकांसाठी नियम आणखी सोपा: हात पाठीमागे. आपण की-बोर्ड घेतला की तो कोड आपला होतो.

शेवटी श्रोत्यांतून एका पालकांनी विचारलं, ‘मग इंटरनेटवरून कोड घ्यायचाच नाही का?’ घ्या की. जगभरचे प्रोग्रॅमर घेतात. फक्त त्यातला एक आकडा बदला आणि रोबोट आता काय करेल, ते टीममधल्या सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलाला विचारा. त्याचं उत्तर चुकलं तरी चालेल. बटण मात्र त्यालाच दाबू द्या.