हेअरस्प्रिंगचं वळण

चावीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की नजर आधी जाते ती माणकांवर आणि चकाकणाऱ्या स्क्रूंवर. माझ्या लेखी मात्र तिथली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे बॅलन्स व्हील या मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला जोडलेली हेअरस्प्रिंग, वेढ्यावेढ्यांची नाजूक पट्टी. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने 1675 मध्ये ती घड्याळात आणली आणि खिशातलं घड्याळ खऱ्या अर्थाने भरवशाचं होऊ लागलं.

एचएमटीच्या 'जनता'मध्ये हे चाक सेकंदाला पाच झोके घेतं, दिवसाला 4,32,000. स्प्रिंग दर झोक्याला त्याला मागे खेचते. त्याच्या झोक्यांबरोबर हलणाऱ्या पॅलेट या तरफेची दोन माणकं एस्केप व्हील या दातेरी चाकाचे दाते आळीपाळीने अडवतात आणि सोडतात. टिकटिक ऐकू येते ती हीच. सुटणारा दाता माणकाच्या तिरप्या कडेवरून घसरताना पॅलेटमार्फत बॅलन्स व्हीलला पुढच्या झोक्याचं बळ देऊन जातो.

स्प्रिंगची पट्टी साधारण 0.03 मिलिमीटर जाड, केसाहूनही बारीक. तिचा ताठपणा जाडीच्या घनानुसार बदलतो. जाडी फक्त एक टक्का वाढली की ताठपणा तीन टक्के वाढतो, झोक्यांचा वेग दीड टक्का, आणि घड्याळ दिवसाला वीस मिनिटांहून अधिक पुढे जातं! इतकी एकसारखी पट्टी ओढणारे हात आणि यंत्रं यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

सपाट स्प्रिंगमध्ये एक खोट असते. उघडमिट होताना ती एका बाजूला फुगते, तिचं वजन मध्यापासून ढळतं आणि घड्याळ उभं धरलं की एक चाल, आडवं ठेवलं की दुसरी. 1795 च्या सुमारास घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगेने बाहेरचा वेढा वर उचलून आत वळवला. वेढे चहूबाजूंनी सारखे फुलू लागले. हे वळण नेमकं कसं असावं, याचं गणित एदुआर फिलिप्स या फ्रेंच अभियंत्याने 1861 मध्ये मांडलं. तोवर कारागिरांनी ते नजरेने आणि चिमट्याने साधलं होतं. डोळ्याला सुख देणारी ती कमान शोभेसाठी नाहीच, ती चूक दुरुस्त करते.

उन्हाळ्यात पोलाद मऊ पडून घड्याळ मागे पडायचं. त्यावर उपाय म्हणून भौतिकशास्त्रज्ञ शार्ल गियोमने निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले. त्या कामासाठी 1920 चं भौतिकीचं नोबेल त्याला मिळालं.

वेढ्यांमधलं अंतरही तितकंच मोलाचं. घड्याळ स्पीकरच्या चुंबकाजवळ राहिलं तर वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि काटे सुसाट पळू लागतात. तुमचं घड्याळ अचानक असं पुढे जाऊ लागलं, तर ते खोलण्याआधी घड्याळजीला चुंबकत्व उतरवून पाहायला सांगा. काही सेकंदांचं काम असतं.