रोग खेड्यांत, तपासणी शहरांत

सांथीच्या दिवसांत औषधाच्याही आधीं जी गोष्ट लागते ती म्हणजे रोग कोणास झाला आहे व कोणास झालेला नाहीं हें निश्चित कळणें. जनावरांच्या रोगांत हें तत्त्व आमच्या वाचकांस सांगावयास नको. गोठ्यांतील एक बैल लाळ गाळूं लागला कीं जाणता शेतकरी त्यास आधीं वेगळा बांधतो व मग वैद्याच्या शोधास लागतो. सन २०२० व २०२१ या दोन सालीं कोरोनाची जी महामारी महाराष्ट्रावरून गेली, तींत मनुष्याच्या बाबतींत हें पहिलें पाऊलच पुष्कळ खेड्यांना वेळेवर टाकतां आलें नाहीं. इस्पितळें, प्राणवायु व लस यांविषयीं त्या वेळीं व पुढेंही पुष्कळ बोललें गेलें. तपासणी मात्र कोणास मिळाली, कोणास नाहीं, आणि न मिळाल्यामुळें कोणाचें काय बुडालें, याचा हिशेब शेतकरीवर्गानें स्वतः मांडला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

ही तपासणी करावयाची म्हणजे नाकांतून व घशांतून मऊ टोकाच्या काडीनें नमुना घ्यावयाचा, तो द्रवाच्या नळींत घालून बर्फांत ठेवावयाचा व प्रयोगशाळेकडे धाडावयाचा. तेथें त्यांतील विषाणूचा अंश निराळा काढून, यंत्रांत आळीपाळीनें तापवून व निववून, तो दुपटीदुपटीनें वाढवितात. मुळांत असेल तरच तो वाढतो, व वाढला कीं यंत्रास दिसतो. आरटी-पीसीआर म्हणतात ती हीच. यंत्राचें काम कांहीं तासांचें आहे. दिवस लागतात ते वाटेला आणि रांगेला. आरंभीं या कामीं देशाचा मुख्य आधार पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हाच होता. पुढें प्रयोगशाळा झपाट्यानें वाढल्या, पण जेथें वैद्यकीय महाविद्यालयें व मोठीं इस्पितळें होतीं तेथेंच त्या बहुधा निघाल्या. डोंगरपट्ट्यांतील नमुना गांवाहून तालुक्यास, तालुक्याहून जिल्ह्यास असा बर्फाच्या पेटींतून प्रवास करीत राहिला.

प्रथम नियमच असा होता कीं, जो परदेशांतून आला अथवा ज्याचा रोग्याशीं संबंध आला, त्याचीच तपासणी व्हावी. राज्यांतील पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत आढळले. श्वसनाच्या तीव्र विकारानें इस्पितळांत दाखल झालेल्यांची तपासणी करण्यास मुभा मिळाली ती २० मार्च रोजीं. साधनें अपुरीं असतां कांहीं तरी मर्यादा घालणें भाग होतें, हें आम्ही मान्य करितों. पण दुसऱ्याच दिवशीं खासगी प्रयोगशाळांस परवानगी देतांना कमाल दर ठरला ४,५०० रुपये. त्या हंगामांत सोयाबीनचा आधारभाव क्विंटलास ३,७१० रुपये होता. पांच माणसांच्या कुटुंबाची एक वेळची तपासणी म्हणजे सहा क्विंटल सोयाबीन! सर्वोच्च न्यायालयानें ८ एप्रिल रोजीं ही तपासणी सर्वांस विनामूल्य करावी असा हुकूम दिला, व १३ एप्रिल रोजीं तो बदलून आयुष्मान भारत योजनेंतील व इतर दुर्बल घटकांपुरता ठेवला. राज्य सरकारनें हा दर जून २०२० मध्यें २,२०० रुपयांवर व मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांवर आणला. सरकारी तपासणीस पैसे पडत नव्हते हें खरें. परंतु बुडालेली मजुरी, एस. टी. बंद असतां भाड्यानें करावें लागणारें वाहन, आणि मागें गुरांना वैरण कोण घालील ही विवंचना, यांचा दर कोणत्याच फर्मानांत नव्हता.

गांवांतल्या गांवांतही ही विषमता होतीच. ज्याच्या दारीं मोटार उभी होती तो जिल्ह्याच्या ठिकाणीं जाऊन तपासून आला; त्याच्याच शेतावरचा सालगडी ताप अंगावर काढून दारें धरीत राहिला. आमचे बहुतेक वाचक पहिल्या प्रकारांतले आहेत, हें येथें लिहिणें भाग आहे.

असला पंक्तिप्रपंच केवळ आपल्याच देशांत झाला असें मात्र नव्हे. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रांत मार्च २०२० मध्यें तापानें फणफणलेलीं माणसें तपासणीवांचून घरीं परतत असतां, बास्केटबॉलच्या धंदेवाईक खेळाडूंचे संघचे संघ तपासले गेले. याविषयीं १८ मार्च रोजीं राष्ट्राध्यक्षांस विचारलें असतां, असें होऊं नये, पण जगाची रीत कदाचित् अशीच आहे, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. वर्णन म्हणून तें खरें असेल. कारभार त्यावर चालवूं म्हटल्यास चालणार नाहीं.

२०२१ सालीं दुसरी लाट आली व ती खेड्यांत खोलवर शिरली. प्रयोगशाळांत नमुन्यांचे ढीग पडले, व अहवाल येण्यास कित्येक दिवस लागूं लागले. एकदां रोगी ठरलेल्याची पुन्हां तपासणी करूं नये, अशी सूचना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेस ४ मे रोजीं काढावी लागली, इतका भार झाला होता. उशिरा आलेला अहवाल म्हणजे पेरणी आटोपल्यावर आलेला पावसाचा अंदाज. तोंपर्यंत तो मनुष्य एका खोलीच्या घरांत सर्वांबरोबर निजला, संस्थेंत दूध घालून आला, भाजी घेऊन बाजारास गेला. अर्ध्या तासांत निकाल देणारी अँटिजेन तपासणी जून २०२० पासून मिळूं लागली होती, व खेड्यांस मोठा आधार तिचाच होता. पण परिषदेनें स्वतः पाहिलें तेव्हां, शंभर खऱ्या रोग्यांपैकीं या तपासणींत सांपडणाऱ्यांचें प्रमाण एके ठिकाणीं सुमारें ५१ व दुसऱ्या ठिकाणीं ८४ असें भरलें. म्हणूनच लक्षणें असून ती तपासणी कोरी गेली तर आरटी-पीसीआर करावी, असा दंडक होता. तो पाळण्यासाठीं पुन्हां प्रयोगशाळा लागे, आणि प्रयोगशाळा तर दूर! मग ‘नाहीं’ असें लिहिलेली ती चिठ्ठीच शेवटची समजून माणसें कामाला लागलीं.

बरें, दाखला नसला तर इस्पितळांत तरी घ्यावें? दाखल होण्यास तपासणीचा अहवाल अनिवार्य नाहीं, असें केंद्र सरकारनें ८ मे २०२१ रोजीं स्पष्ट केलें. तें तेव्हां सांगावें लागलें, यावरून तोंपर्यंत दारांत काय चाललें होतें तें उघड आहे.

याहून मोठें नुकसान मागाहून झालें. जेथें तपासणी नाहीं तेथें रोगी सांपडत नाहीं, आणि सांपडला नाहीं म्हणून कागदावर गांव निरोगी ठरतें. जून २०२१ मध्यें राज्यांत कोरोनामुक्त गांवांची स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक महसूल विभागांत पहिलें बक्षीस ५० लाख रुपयांचें. हेतु चांगला होता, व कांहीं गांवांनीं घरोघर पाहणी करून खरोखरच मेहनत घेतली. पण न तपासणें हाही रोगमुक्त दिसण्याचा एक मार्ग असतो, ही गोष्ट विसरून भागत नाहीं.

आणि जे गेले त्यांचें काय? सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर प्रत्येक मृताच्या वारसांस ५०,००० रुपये सानुग्रह साहाय्य ठरलें. त्यासाठीं रोगाची तपासणी झालेली असावी किंवा इस्पितळांत रोगनिदान झालेलें असावें, अशी अट होती. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना हें कारण लिहिलेलें नाहीं एवढ्यावरून साहाय्य नाकारूं नये, असें न्यायालयानें ऑक्टोबरमध्यें बजावलें, व तक्रारींसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या झाल्या. तथापि ज्या विधवेचा नवरा वस्तीवरच्या घरांत तपासणीवांचून व इस्पितळावांचून गेला, तिनें समितीपुढें कोणता कागद ठेवावा? पुढें २४ मार्च २०२२ रोजीं जुन्या मृत्यूंच्या अर्जांस ६० दिवसांची मुदत पडली व तीही उलटून गेली. जी तपासणी तिच्या नवऱ्याला मिळाली नाहीं, तिचा पुरावा तिच्याकडे मागितला गेला, याची आम्हांस चीड येते.

हें सर्व अटळ होतें असें कोणीं म्हणूं नये. बुळकांडीचा नायनाट या देशानें केला आहे. २००६ सालीं भारत त्या रोगापासून मुक्त ठरला. त्या मोहिमेच्या अखेरच्या काळांत जनावरें प्रयोगशाळेंत येण्याची वाट कोणीं पाहिली नाहीं, तर पशुवैद्यक खात्याचीं माणसें रोग शोधीत गांवोगांव हिंडलीं. बैलासाठीं जें साधलें तें बैलाच्या धन्यासाठीं साधूं नये काय?

साधनही आपल्याजवळ आहे. गोव्यांतील एका कंपनीचें ट्रूनॅट नांवाचें यंत्र क्षयाच्या तपासणीसाठीं आधींपासून वापरांत होतें. एप्रिल २०२० मध्यें परिषदेनें कोरोनासाठींही त्यास मान्यता दिली. तें मेजावर मावतें, बॅटरीवर चालतें व सुमारें तासाभरांत निकाल देतें. अशीं यंत्रें प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत असलीं तर नमुन्याला जिल्ह्याची वारी करावी लागत नाहीं, आणि सांथ नसतां तींच क्षयाच्या कामीं येतात. आपल्या तालुक्यांत हें यंत्र कोणत्या केंद्रांत आहे, तें चालविणारा मनुष्य नेमलेला आहे कीं नाहीं, व त्यास लागणाऱ्या चिपा शिल्लक आहेत कीं संपल्या, एवढे तीन प्रश्न सभासदांनीं येत्या ग्रामसभेंत लेखी विचारावे. येतील तीं उत्तरें आमच्याकडे पाठवावीं. तीं गांवाच्या नांवासह छापण्यास आम्ही जागा राखून ठेवीत आहों.