ड्रम, डिस्क आणि घाट : जुन्या जीपच्या ब्रेकचा शोध

अकरा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना माझ्या जीपचा ब्रेक गेला. खरं तर ‘गेला’ हा शब्द नेमका नाही. पहिल्या काही वळणांना तो नीट लागला, पुढच्या दोन वळणांना उशिरा लागला, आणि मग पेडल फळीला टेकलं तरी गाडी पळतच राहिली. मागे आई बसली होती. गिअर खाली पाडत पाडत डोंगराकडच्या गटारात चाकं घातली, तेव्हा जीप थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चूक माझी होती. डिझेल वाचवायच्या नादात मी टॉप गिअरमध्ये, निव्वळ ब्रेकवर घाट उतरत होतो.

पण अर्ध्या तासानं तोच ब्रेक पुन्हा व्यवस्थित लागला, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. जे तुटलेलं नाही ते दुरुस्त काय करायचं? गावच्या मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल दिला, “भाऊ, डिस्क टाका.” जुन्या जीप जपणारे मित्र म्हणाले, “हात लावू नकोस, ओरिजिनल ठेव.” मी वाणिज्य शाखेचा माणूस. यंत्रविद्या शिकलो ती वर्कशॉप मॅन्युअल वाचून आणि मिस्त्रींच्या शेजारी उकिडवं बसून. या दोन सल्ल्यांतलं खरं काय, ते शोधायला मला दोन वर्षं लागली.

माझी जीप विलीजच्या घराण्यातली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या गाडीची नात. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली ती १९४७मध्ये. उंच बॉनेटचं सीजे-थ्रीबी हे मॉडेल अमेरिकेत १९५३मध्ये आलं आणि पुढे आपल्याकडे दीर्घकाळ बनत राहिलं. त्याच्या चारही चाकांना नऊ इंची ड्रम आणि पायाच्या फळीखाली एकच मास्टर सिलिंडर. पेट्रोल इंजिन, हलकी गाडी आणि बेताचा वेग यांना ते पुरेसं होतं. पुढे वडिलांनी तिला डिझेल इंजिन बसवलं. वजन वाढलं, वेग वाढला, ब्रेक मात्र तेच राहिले.

ब्रेक गाडी थांबवतो, ही आपली बोलायची पद्धत. प्रत्यक्षात तो गतीची उष्णता करतो. भरलेली जीप १५०० किलोची धरली, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबताना सुमारे २ लाख ज्यूल उष्णता निघते. ताशी ८० वरून तीच ३.७ लाख होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. घाटाचा हिशेब वेगळा. हीच जीप ६०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल कुठेतरी जावेच लागतात. एवढ्या उष्णतेत २८ लिटर थंड पाणी उकळीला येईल. यातला काही भाग इंजिन आणि हवा घेतात. मी टॉप गिअरमध्ये असल्यामुळे उरलेला मोठा भाग चार बंद डब्यांत कोंडला होता.

डब्यात तीन गोष्टी घडतात. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडल जास्त खाली जातं. लायनरची पकड तापल्यावर घटते. आणि ब्रेक ऑइल उकळतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकायला हवं, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. मी ऑइल कधी बदललं होतं, तेच मला आठवत नव्हतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल फळीला टेकलं. निवल्यावर वाफेचं पुन्हा द्रव झालं, ड्रम आकसला आणि ब्रेक परतला.

डिस्क उघड्यावर असते, वाऱ्यानं निवते आणि तापली तर पॅडपासून दूर न जाता त्याच्याकडेच फुगते. तिचं पेटंट लँचेस्टर यांनी १९०२मध्येच घेतलं होतं, पण तिचा दबदबा झाला तो १९५३च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेकची जग्वार जिंकल्यावर. म्हणजे मिस्त्रींचं बरोबर. मात्र ‘डिस्क टाका’ हे अर्धंच वाक्य आहे.

ड्रममध्ये एक फुकटची मदत असते. चाकाच्या फिरण्यानंच पुढचा शू ड्रममध्ये ओढला जातो आणि पकड वाढते. डिस्कला ही मदत नाही, तिला तेलाचा दाब जास्त लागतो. बूस्टर न बसवता नुसत्या डिस्क बसवल्या तर पेडल दगडासारखं लागतं. बूस्टरला निर्वात लागतो. पेट्रोल इंजिनात तो आपोआप मिळतो, डिझेलमध्ये नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप आला. शिवाय जीपचा मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरच्या पातळीच्याही खाली असतो. तेल मागे ओघळू नये म्हणून डिस्कच्या पाइपात सुमारे २ पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह हवा. ड्रमच्या पाइपात तोच सुमारे १० पीएसआयचा लागतो. अदलाबदल झाली तर डिस्क सतत घासत राहतात.

आम्ही क्रम असा ठेवला. आधी आहे ते नीट केलं : ड्रम लेथवर घेतले, नवे लायनर ड्रमच्या गोलाईला जुळवले, व्हील सिलिंडरचे रबर आणि सगळं ऑइल बदललं. मग जुना मास्टर सिलिंडर काढून दोन कप्प्यांचा बसवला. जुन्यात एक पाइप फुटला की चारही चाकं जात. नव्यात पुढची जोडी गेली तरी मागची उरते. हा बदल दिसत नाही, पण माझ्या मते सर्वांत मोलाचा तोच. त्यानंतर पुढे डिस्क, बूस्टर आणि पंप. मागे ड्रमच ठेवले, कारण ब्रेक लागताना भार पुढे येतो. हलकी झालेली मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. म्हणून मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातला आणि मोकळ्या मैदानात, कमी वेगावर, पुढची चाकं आधी धरतात याची खात्री होईपर्यंत तो जुळवला.

ज्यांना डिस्क नको त्यांना अकरा इंची ड्रमचा मार्ग आहे. तेवढ्याच जोरात नुसत्या त्रिज्येमुळे पकडीचा परिणाम सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, आणि गाडीचं रूप तसंच राहतं. मार्ग कुठलाही असो, काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावं. नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला मान्य नाही.

मित्रांच्या ‘ओरिजिनल’चं काय? पुढचे जुने ड्रम मी तेल लावून माळ्यावर ठेवले आहेत. पण वडिलांनी इंजिन बदललं तेव्हाच ती जीप मूळची राहिली नव्हती. आम्ही अर्धाच बदल करून थांबलो होतो आणि त्याची किंमत घाटात आई मोजणार होती.

काम झाल्यावर आई पुन्हा जीपमध्ये बसली, आंबोलीलाच. उतार सुरू होताच तिनं विचारलं, “कितव्या गिअरमध्ये आहेस?” मी म्हटलं, “दुसऱ्या.” डिस्क आल्या, तरी ते ८८ लाख ज्यूल तेवढेच आहेत.